आजी तीच साक्ष पुन्हा का सांगते

प्रिय सोनू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या टायफॉइडची साक्ष, म्हणजे देवानं त्यांना त्यातून कसं बरं केलं ते, आजी सांगत होती, तेव्हा तू आवाज बंद करून मला विचारलंस, "देवानं आजोबांना बरं केलं, मग आतोबांना का नाही? आणि आजी दर वेळी तेच का सांगते?" मी नंतर बोलू म्हणालो. प्रश्न मनाला लागला, म्हणून लिहितोय.

आमच्या लहानपणी रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना असायची. गाणं, शास्त्रवाचन आणि मग ज्याची त्याची साक्ष. माझी पाळी आली की मी आजोबांचंच वाक्य उचलून पुढं ढकलायचो. रूथआत्या तसं करायची नाही. एकदा ती सरळ म्हणाली, "आज मला काहीच आठवत नाही." मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजोबा एवढंच म्हणाले, "मग आज दुसऱ्यांचं ऐक." त्या घरात साक्षीची सक्ती होती असं तुला वाटत असेल, तर हे ध्यानात ठेव. थोडी होती, नाही असं नाही.

पवित्र शास्त्रातल्या यहोशवाच्या पुस्तकात देव यार्देन नदी थांबवून इस्राएल लोकांना पार नेतो, तेव्हा त्यांच्या बारा वंशांचे बारा जण नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर घेऊन येतात. ते धोंडे गिलगालला उभे करतात, कशासाठी, तर पुढं मुलं विचारतील की हे धोंडे कसले, म्हणून. म्हणजे मुलांनी विचारणं तिथं आधीच धरलेलं आहे. तू विचारलंस यात वावगं काही नाही.

आजीचं पवित्र शास्त्र तू जवळून पाहिलेलं नाहीस. समासात पेन्सिलीनं तारखा आहेत. एकशे तिसऱ्या स्तोत्राशेजारी, जिथं देवाचे उपकार विसरू नको असं म्हटलंय, तिथं तिनं "ताप उतरला" असं लिहिलंय, इतकं दाबून की मागच्या पानावर अक्षरं उमटलीत. सत्त्याहत्तराव्या स्तोत्राशेजारी मात्र आतोबा गेले त्या दिवसाची नुसती तारीख आहे, पुढं एक शब्द नाही. त्या स्तोत्रात माणूस रात्री तळमळत विचारतो, देव दया करायला विसरला की काय? आणि मग त्याच स्तोत्रात तो म्हणतो, मी देवाची जुनी कृत्यं आठवीन. मधे उत्तर मिळाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. मी ते पान खूप वेळा वाचलंय.

आजी जुनी साक्ष पुन्हा सांगते ती तुला पटवायला, असं मला वाटत नाही. तिला स्वतःला ती लागते. आतोबा गेल्यावरच्या त्या महिन्यांत तिच्यापाशी नवं सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा तिनं टायफॉइडचीच साक्ष सांगितली, आणि रूथआत्या शेजारी बसून ऐकत होती. ते बरोबर होतं का? त्या वेळी मला राग आला होता. आज नक्की सांगता येत नाही. रूथआत्या उठून गेली नाही, एवढं मी पाहिलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं तुला मागं सांगितलं होतं. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं. पुढं त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण आठवणी लिहिताना त्यांनी ते रडणं, ती ताटातूट झाकली नाही. मला अशी साक्ष आवडते. आपल्या घरच्या साक्षींमधून दुःखाचा भाग बरेचदा गळून जातो, आणि तुला खटकलं ते तेच असावं.

तू साक्ष द्यावीस असा माझा आग्रह नाही. इथं तुझ्या मित्रांच्या घरी असं काही नसतं, ते मला कळतं. फक्त तुझा प्रश्न मला न विचारता आजीलाच विचार. ती रागावणार नाही. त्या पानावरची तारीख बघता मला वाटतं, तिनं तो तुझ्या आधी देवाला विचारलेला आहे.

तुझा,
पप्पा