न्यूझीलंडमध्ये कुत्री घेऊन रानडुकराची शिकार करतात. हे क्रौर्य नाही का? बोलावलं तर जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: "वायकाटोत डेअरी फार्मवर नोकरी करतोय. शेजारचे लोक शनिवारी कुत्री घेऊन डुकरांच्या मागे जातात, मलाही चल म्हणतात. त्यांच्याकडे बंदूक नसते, नुसता चाकू. मला हे रानटी वाटतं, पण ते म्हणतात डुक्कर उपद्रवी आहे. आमच्या गावी कोकणातही डुकरं भात आडवा करतात, तिथे हे करता येईल का?"

डुक्कर मारावं का आणि ते कुत्र्यांकरवी मारावं का, हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. पहिल्याबद्दल न्यूझीलंडमध्ये फारसा वाद नाही. डुक्कर तिथलं नव्हेच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅप्टन जेम्स कुकसारख्या युरोपी दर्यावर्दींच्या जहाजांवरून ते आलं, म्हणून रानटी डुकराला अजूनही 'कॅप्टन कुकर' म्हणतात. कुरण नांगरल्यासारखं उकरतं, नुकतं जन्मलेलं कोकरू खातं, जमिनीवरची अंडी आणि तिथल्या दुर्मीळ मोठ्या गोगलगायीही सोडत नाही. १९७७ च्या वन्य प्राणी नियंत्रण कायद्यात ते हरीण आणि बकऱ्यांसोबत बसवलेलं आहे.

तरी "उपद्रव कमी करतो" हा युक्तिवाद शनिवारच्या शिकाऱ्याच्या तोंडी मला पटत नाही. खायला भरपूर असेल तर डुकरीण वर्षात दोनदा विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. आठवड्याला दोन डुकरं मारून डोंगरावरची संख्या हलत नाही. ही शिकार मांसासाठी आणि हौसेसाठी होते, तसं सरळ म्हणावं. काही जण तर हौस टिकावी म्हणून डुकरं नसलेल्या खोऱ्यात ती नेऊन सोडतात. तो गुन्हा आहे. सोबतच्यांपैकी कुणी असली बढाई मारली, तर तिथूनच परत फिरा.

आता कुत्र्यांचा भाग. खरी मेख इथे आहे. शिकारी कुत्र्यांची कामं वेगळी असतात. एक 'फाइंडर': वास काढत डुक्कर शोधतो, समोर उभा राहून भुंकतो आणि त्याला जागीच खिळवून ठेवतो. तो अंगाला तोंड लावत नाही, लावलं तरी मागून चिमटा काढल्यासारखा. दुसरा 'होल्डर': बुल टेरियर किंवा मॅस्टिफच्या मिश्रणाचा जड जबड्याचा कुत्रा, कान किंवा गाल धरून डुकराला दाबून ठेवणारा. समंजस शिकारी एक फाइंडर आणि एक-दोन होल्डर नेतो. सात-आठ कुत्र्यांची टोळी दिसली तर समजा, तिथे डुक्कर मारलं जात नाही, फाडलं जातं.

बंदूक का नाही, हे बाहेरून विचित्र दिसतं. एक तर बंदुकीला परवाना लागतो, चाकूला लागत नाही. पण मोठं कारण वेगळं. डुकराला कुत्री चिकटलेली असताना गोळी झाडली तर ती आरपार जाऊन किंवा दगडावर आपटून कुत्र्याला लागते. म्हणून कुत्री नुसती भुंकत असतील आणि डुक्कर मोकळं उभं असेल, तेव्हा गोळी योग्य. कुत्र्यांनी धरलेलं असेल तेव्हा चाकू. माणूस मागून जातो, मागचा पाय धरून डुकराला कुशीवर पाडतो, गुडघ्याने दाबतो आणि पुढच्या पायाच्या कोपरामागून चाकू थेट हृदयाकडे घालतो. पातं साधारण १५ सेंमीचं, टोकदार. नेम बसला तर डुक्कर काही सेकंदांत ढिलं पडतं. घाव वर गेला तर पातं खांद्याच्या हाडावर अडतं. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड कवच असतं, ते चाकूला दाद देत नाही. मागे गेला तर पोट फाटतं, जनावर जिवंत राहतं आणि मांसही नासतं. पाच-सहा वेळा खुपसावं लागत असेल तर त्या माणसाच्या हातात चाकू देणंच चूक होतं.

त्यामुळे माझ्या लेखी कसोटी वेळेची आहे: पहिल्या कुत्र्याने दात लावल्यापासून डुक्कर मरेपर्यंत किती मिनिटं गेली? एक-दोन मिनिटं असतील, तर हा मृत्यू पोटात गोळी लागून रात्रभर झाडीत पडून राहण्यापेक्षा वाईट नाही. वीस मिनिटं असतील तर तो छळ आहे, मग मांस कितीही वाटलं तरी. आणि ही वेळ अंतरावर ठरते. गळ्यात जीपीएसचा पट्टा असला की कुत्री ५०० मीटरवर थांबलेली स्क्रीनवर दिसतात, पण सप्लजॅकच्या वेलींतून, चढावरून तेवढं जायला अर्धा तासही लागतो. म्हणून चांगले लोक होल्डर सुरुवातीपासून मोकळा सोडत नाहीत. तो साखळीला बांधून सोबत नेतात, फाइंडरचं भुंकणं ऐकत जवळ पोचतात आणि शेवटच्या टप्प्यात सोडतात. शेजाऱ्यांना एवढं एकच विचारा: "होल्डर कधी सोडता?" उत्तरावरून माणसं कळतील. दुसरी परीक्षा, हाक मारल्यावर कुत्रा डुक्कर सोडतो का. दुधावरची डुकरीण किंवा लहान पिल्लू निघालं तर कुत्री मागे घेता आली पाहिजेत, नाहीतर आई मेली आणि मागे सगळी पिल्लं उपाशी. न सोडणारा कुत्रा कितीही शूर असला तरी घरीच ठेवण्याच्या लायकीचा. पिल्लं पकडून आणून त्यांच्यावर कुत्र्यांना 'तयार' करतात, ते तर मला कुठल्याच अर्थाने समर्थनीय वाटत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर न्यूझीलंडच्या प्राणी कल्याण कायद्यात रानटी जनावराचाही मुद्दाम केलेला छळ हा गुन्हा आहे. शिकारीला सवलत आहे ती रूढ, स्वीकारलेल्या पद्धतीपुरती.

कुत्र्याचं काय? त्याला यात मजा येते हे खरं. पण सुळ्यांचा हिशोब त्याला मांडता येत नाही, तो मालकानेच मांडायचा. नराचे खालचे सुळे वरच्यांवर घासून धारदार होत राहतात आणि ते खालून वर फाडतात: मान, छाती, मांडीची आतली बाजू. म्हणून रुंद गळपट्टा आणि छातीचं चिलखत हवं. मात्र जाड चिलखतात कुत्रा उन्हाळ्यात उष्माघाताने मरू शकतो आणि वेलींतही अडकतो. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेच निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. पाठीवरच्या पिशवीत पाणी, सलाईन, रुंद बँडेज, प्लास्टिकचा कागद असावा. छातीच्या जखमेतून हवा फुसफुसत असेल तर तिच्यावर प्लास्टिक ठेवून तीन बाजू चिकटवा, चौथी मोकळी. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून थेट डॉक्टरकडे. पशुवैद्याचा खर्च परवडत नसेल तर होल्डर पाळू नये, हे मी कठोरपणे म्हणतो.

आणि मग बाकीची जनावरं, ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही. किवीच्या छातीत उडणाऱ्या पक्ष्यासारखं मजबूत हाड आणि स्नायू नसतात, कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी ती चिरडते. १९८७ साली वाईटांगीच्या जंगलात एकाच मोकाट जर्मन शेफर्डने सहा आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारल्या असा अंदाज आहे. तो शिकारी कुत्राही नव्हता. म्हणून किवीच्या भागात किवी टाळण्याचं प्रशिक्षण घेतलेला कुत्राच न्यायचा, आणि ते प्रशिक्षण ठरावीक काळाने पुन्हा घ्यायचं. सरकारी जंगलाचा परवाना वेगळा, त्यात कुत्र्यांची स्पष्ट नोंद हवी. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी. तिथे कुत्रा मेंढ्यांवर धावला तर शेतकरी त्याला गोळी घालू शकतो, कायदा त्याच्या बाजूने आहे. कुत्र्यांना दर महिन्याला प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध द्या आणि मेंढीचं कच्चं मांस घालू नका. कुत्र्यांतून पसरणाऱ्या फीतकृमीने मेंढीच्या मांसात गाठी होतात आणि ते मांस कत्तलखान्यात नाकारलं जातं.

निघण्याआधी त्या भागात १०८० हे विष टाकलंय का, ते संवर्धन खात्याच्या यादीत बघा. विषाने मेलेला पॉसम (झाडावर राहणारा, मांजराएवढा केसाळ प्राणी) कुत्र्याने चघळला की खेळ खलास, उतारा नाही. उंदरांसाठी ब्रोडिफाकूम हे विष ठेवलेल्या भागातल्या डुकराचं यकृतही खाऊ नये. तुम्ही डेअरीवर आहात म्हणून आणखी एक: रानडुकरात गोवंशाचा टीबी असू शकतो. सोलताना हातमोजे घाला, आणि एका भागात मारलेल्या डुकराचं डोकं-आतडी दुसऱ्या भागात नेऊन टाकू नका. पॉसम ती खातात आणि रोग तुमच्याच गोठ्यापर्यंत येतो.

तेव्हा, जावं का? होल्डर साखळीला असेल, कुत्री हाकेत असतील आणि चाकू सवयीच्या हातात असेल, तर जायला हरकत नाही. पहिल्या खेपेला बघायलाच जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर तुमचं 'रानटी' हे पहिलं मत बरोबर आहे.

कोकणात मात्र अजिबात नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही: पाठलाग, फासे लावणं, हाकारून काढणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं तिच्यात येतं. म्हणजे डुक्कर निसटलं तरी त्याच्यामागे कुत्री सोडल्याचा गुन्हा झालेलाच असतो. रानडुक्कर तिथलं मूळचं जनावर आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून मारण्याची लेखी परवानगी मागता येते, पण ती मिळाली तरी तिच्यातल्या अटींनुसारच. "परवानगी होती, म्हणून कुत्री घातली" हे कोर्टात चालणार नाही. भात वाचवायचा असेल तर आधी पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज द्या, आणि बांधावर बॅटरीवर चालणारं, थांबून-थांबून झटका देणारं सौर कुंपण घाला. खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी. जास्त उंच असेल तर डुक्कर नाक खाली घालून आरामात पलीकडे जातं. त्या तारेला घरची वीज जोडू नका, त्यात डुकराआधी माणूस मरतो.