ग्रुपमध्ये तुझा नंबर दिसला

खानापूर,
श्रावण

बाळा,

काल संध्याकाळी दिवेलागणीला आपल्या शेजारच्या गावची एक बाई घरी आली. भांगलण आटोपून तशीच आली होती, पायाला चिखल, हातात मोबाईल. तिच्या थोरल्याला यंदा तुमच्याच कॉलेजात सीट मिळाली. सोमवारपासून त्यांचं इंडक्शन. म्हणाली, "सर, हे तेवढं वाचून सांगा की. पोरगं काय सांगंना झालंय."

व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. ॲडमिशनच्या फॉर्मवर पोराच्या नंबराच्या जागी घरातला एकच नंबर लिहिलेला, तो तिचा. तुम्ही यादीतले नंबर घेऊन ग्रुप केलात, आणि पन्नास ज्युनिअरांत एक आई जाऊन बसली. चार दिवस तुमचं सगळं तिच्याकडं येतंय. अर्धं इंग्रजी, अर्धं इंग्रजी अक्षरातलं कन्नड, त्यामुळं तिला कळत नव्हतं इतकंच.

मी वाचून दाखवलं. रात्री जेवण झाल्यावर दहाला टेरेस. फोन सोबत आणायचा. फुल शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. केस बारीक, डोक्याला तेल, मिशी नको. सिनिअरच्या तोंडाकडं बघायचं नाही, नजर थर्ड बटनावर. रेक्टरांच्या कानावर गेलं तर पुढचं वर्षभर बघून घेऊ, आणि त्यापुढं एक हसरा चेहरा. थर्ड बटनाचं आणि शेवटचं वाक्य मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलं, "हे कॉलेजचंच असतंय काय सर?" उत्तर द्यायच्या आधी ग्रुपची माहिती उघडून बघितली. ॲडमिन तिघं. दोन नंबर अनोळखी. तिसरा तुझा.

तिचा प्रश्न साधा होता, पण नीट बघ, सगळं त्यातच आहे. दिवसाचं इंडक्शन, ज्याला ओरिएंटेशनही म्हणतात, ते कॉलेजचं. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, 2017 पासून इंजिनिअरिंगला तीन आठवड्यांचं इंडक्शन सांगितलं, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2019 ला त्याच धर्तीवर ‘दीक्षारंभ’ आणलं. नव्या पोराला घर सुटल्याचं जड जाऊ नये, गावाकडच्याला शहराची आणि मराठी-कन्नड माध्यमातल्याला इंग्रजीची सवय व्हावी, हा त्याचा हेतू. त्याला पालकांना बोलावतात, हॉलमध्ये पंखे लावतात, नाश्त्याला उपीट-शिरा असतो. रात्रीच्याला तुम्ही ‘इंट्रो’ म्हणता, खरं नाव रॅगिंग. नाव एकमेकांत मिसळलेलं असल्यामुळं आईबापांना वाटतं, हेही त्यातलंच. पोरगंही घरी सांगताना ओरिएंटेशनच म्हणतं. खोटंही नाही, खरंही नाही.

गेल्या दिवाळीला तू आलास तेव्हा तुझ्या आजीनं केस बघून विचारलं, "मिलिट्रीत नाव घातलंस काय रे?" सगळे हसले, तूही. तासभर आपण बोलत बसलो. तुझी नजर सारखी माझ्या शर्टाच्या बटणाकडं जात होती. मला वाटलं, बटण तुटलंय काय. तू गेल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी तुला गाठून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, दिवाळीचे दिवस म्हणून टाळलं. त्यामुळं तुला आज उपदेश करायचा माझा हक्क तसा अर्धाच आहे.

उरलेला अर्धाही फार मोठा नाही. ऐक.

1984 साल. मी दुसऱ्या वर्षाला. कॉलेज कुठलं, हॉस्टेल कुठलं, ते सोड. आमच्या मजल्यावर आपली मराठी पोरं जास्त. मुद्देबिहाळकडचा एक मुलगा खालच्या वर्गात आला. मराठीचा एक शब्द येत नव्हता. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात शेंगाचटणीचा डबा. डबा आम्ही पहिल्या आठवड्यातच संपवला, त्याला न विचारता. मग त्याला ‘मराठी शिकवायचं’ ठरलं. मेसमध्ये मावशींकडं भाकरी कशी मागायची ते वाक्य आम्ही त्याच्याकडून पाठ करून घेतलं. कसलं वाक्य, ते तुला लिहून सांगत नाही. त्यानं ते वहीत कन्नड अक्षरात उतरवून घेतलं, कारण बाईंशी बोलताना चूक होऊ नये असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताट पुढं करून त्यानं ते नीट, सावकाश म्हटलं. मावशींचा हात भाकरीसकट तसाच राहिला. मग त्यांनी भाकरी वाढली. आम्ही टेबलावर थापा मारून हसलो. संध्याकाळी कुणीतरी त्याला अर्थ सांगितला. तिथून पुढं तो मेस बंद व्हायच्या वेळेला एकटा येऊन जेवायचा. दसऱ्याच्या सुट्टीला गावी गेला, तो आलाच नाही. ट्रंक न्यायला त्याचे वडील आले. पांढरा रुमाल बांधलेला, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. जिन्यात मीच समोर पडलो. त्यांनी विचारलं, "नम्म हुडुग एन तप्प माड्यान री?" आमच्या पोरानं काय चूक केली हो?

मी म्हटलं, "गोत्तिल्ल री." माहीत नाही हो.

चाळीस वर्षं झाली. त्यांनी माझ्या हातानंच ट्रंक खाली नेली. रिकामा डबा आत खडखडत होता.

त्या पोराला आम्ही बोट लावलं नव्हतं, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगतोय. तुम्हीही हेच म्हणणार: सर, मारत-बिरत नाही हो आम्ही. आणि आपल्या भागात ही भाषेची सुरी दोन्ही बाजूंनी चालते. त्या वर्षी ती आम्ही चालवली. आता दुसरीकडं जांबोटीकडच्या पोराला उभं करून कन्नड बोलायला लावतात आणि तो अडखळला की मोबाईलवर काढून घेतात. कोल्हापूर-पुण्याकडची चार पोरं मजल्यावर असली तर तीही ‘येऊलालोय, जाऊलालोय’ म्हणत त्याचीच नक्कल करतात, म्हणजे मराठीतही त्याला थारा नाही. यूजीसीनं 2016 मध्ये नियमात दुरुस्ती केली, तेव्हा जात, धर्म, रंगरूप, गाव यांच्याबरोबर भाषेवरून केलेल्या छळालाही रॅगिंग म्हटलं. बेळगाव-खानापूर-निपाणीसाठीच लिहिल्यासारखं आहे ते, पण आपल्याकडं तेच कुणाला ठाऊक नाही.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण तू ॲडमिन आहेस. कर्नाटकच्या शिक्षण कायद्यात रॅगिंगला बंदी आहेच. त्याच्या नावात 1983 आहे, लागू झाला 1995 ला, म्हणजे माझ्या वेळी तो कागदावरच होता. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये रॅगिंग म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. मार्च 2009 मध्ये हिमाचलमधल्या टांडाच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाचा मुलगा सिनिअरांच्या मारानं गेला, आणि त्याच वर्षी यूजीसीचे आजचे नियम आले, 1800-180-5522 हा तक्रारीचा दिवसरात्रीचा नंबर सुरू झाला. त्या मुलाच्या वडिलांनी पुढं कितीतरी वर्षं या कामाचा पिच्छा सोडला नाही. गुन्हा दिसत असेल तर कॉलेजच्या प्रमुखांनी चोवीस तासांत पोलिसांत द्यायचं, हे त्याच नियमात. नेमकं कुणी केलं ते सापडलं नाही तर सगळ्यांना मिळून शिक्षा, हेही त्यातच. व्हॉट्सॲप ग्रुपवरून नव्या पोरांना छळणं हेही रॅगिंगच धरा, असं 2025 मध्ये यूजीसीनं कॉलेजांना कळवलंय. "ग्रुप माझा नाही, मी नुसता ॲडमिन" हे तिथं चालणार नाही.

तो तक्रारीचा नंबर मी त्या बाईला वहीच्या पानावर मोठ्या आकड्यात लिहून दिलाय. तुझ्या पाठीमागं दिला असं व्हायला नको म्हणून तुला कळवतोय. तुमच्या मेसेजचे फोटोही तिच्या फोनात काढून ठेवलेत. तेव्हा घाईनं काही पुसत बसू नकोस.

दुसरं एक तुझ्या ध्यानात नसेल. दर वर्षी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं. तुझ्या वडिलांनी खानापुरात सायबरवाल्याकडं जाऊन ते भरलं. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे आरडी नंबर, बँकेचं पासबुक, फोटो, या गठ्ठ्यात तोही एक कागद. त्याला काय वाचता येणार इंग्रजी? बोट दाखवलं तिथं सही केली. पण माझा मुलगा असलं काही करणार नाही, असं त्या माणसानं लिहून दिलंय. पालकांची काळजी म्हटलं की सगळे नव्या पोराच्या आईबापाचाच विचार करतात. तुझ्या बापाची सही कुणाच्या लक्षात येत नाही.

तू म्हणशील, इंट्रोनं भीड मोडते. आम्ही सोसलं, आता आमची पोरं जिवाभावाची झाली. जिवाभावाची झाली हे खरं, पण ती टेरेसवर झाली काय? आठव बघ. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणीतरी ड्रॉइंग समजावून सांगितलं तेव्हा झाली. ताप आला तेव्हा कुणीतरी रिक्षा करून दवाखान्यात नेलं, तेव्हा झाली. सोसलं होतं म्हणून नव्हे, सोसून झाल्यावरही काहीजण माणसासारखे वागले म्हणून.

गाणं म्हणायला सांगणं, नाव-गाव विचारणं, थोडी चेष्टा, याच्या मी विरुद्ध आहे असं समजू नको. आमच्या लग्नांत नवऱ्याच्या वहाणा लपवतातच की. पण तिथं नवऱ्याची करवली उठून भांडू शकते. "मला नको" म्हणणाऱ्याला खाली बसता आलं पाहिजे आणि सकाळी त्याच टेबलावर त्याच पोरांत चहा घेता आला पाहिजे. रात्री दहाला, टेरेसवर, पावसात, तीस जण गोल करून उभे असताना कोण म्हणतंय "नको"? तू म्हणालास काय गेल्या वर्षी?

आणि फोन आणायला का सांगितलाय, तेही मला माहीत आहे. स्पीकरवर घरी फोन लावायला लावतात. आई विचारते, जेवलास काय, आणि पाठीमागं सगळे दम धरून हसू दाबतात. पलीकडच्या बाईला वाटतं, पोरगं नुसतं ‘हां, हां’ करतंय, परकं झालं. रात्रभर ती झोपत नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाप असा फोन आल्यावर पहाटेच्या पहिल्या बसनं हॉस्टेलच्या गेटवर जाऊन उभा राहिला होता, वॉचमननं आत सोडलं नाही, आणि वरून पोरगं म्हणालं, "तुम्ही कशाला आलाय, जावा." मला ते त्यानंच सांगितलं. बाकी काही नको, पण हे एक तुमच्या यादीतून आजच्या आज काढ.

आता काय करायचं. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडू नकोस. तू गेलास तर उरलेले दोघं मोकळेच. टेरेसचं रद्द असा मेसेज तुझ्या नावानं टाक. त्याऐवजी रविवारी दुपारी चारला खालच्या हॉलमध्ये चहा ठेवा, दार उघडं, रेक्टरांना आधी सांगून. कुणी काय घालून यायचं ते सांगू नका, आणि नाव कुठल्या भाषेत सांगायचं तेही त्यांच्यावर सोडा. त्यांना कामाचं सांगा: सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मुख्य स्टँडवरून, कुठली बस, झेरॉक्स कुठं स्वस्त, कुणाच्या नोट्स चांगल्या, मेसचं कार्ड हरवलं तर कुणाला भेटायचं. व्हीटीयूला, म्हणजे तुमच्या विद्यापीठाला, कन्नडचा विषय आहेच. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या वापराचं कन्नड. त्यात आपली मराठी माध्यमाची पोरं घाबरतात. तुमच्यातल्या दोघा कन्नड पोरांनी आठवड्यातून एक तास बसून शिकवलं तर तीन महिन्यांत ती दुकानात उभी राहून भांडतील. हवं तर त्यांनी बदल्यात मराठी शिकवावी. खरी मराठी.

थर्ड आणि फायनल इयरवाले ऐकणार नाहीत, म्हणतील, परंपरा आहे. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस, तुला ते जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. एवढंच सांग, आपल्या ग्रुपमध्ये चार दिवस एक आई आहे. कोणती, ते मात्र सांगायचं नाही. त्यापुढंही कुणी दमदाटी केली तर रेक्टरांकडं जा, एकटा नको, दोघं जा. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला पहिल्या वर्षाच्या पोरांची नाव न घेता पाहणी करायची, असंही नियमात आहे. ती होते काय, एवढं विचार. विचारणारा कुणी आहे म्हटलं की निम्मी कामं तिथंच होतात. आणि मला फोन कर, कितीही वाजू देत. या वेळी मी दिवाळीपर्यंत थांबणार नाही.

बुधवारी सकाळच्या खानापूर बसनं ती बाई पोराला डबा पाठवणार आहे. त्याला अजून स्टँड माहीत नाही, म्हणून कंडक्टरकडं तुझं नाव सांगायला मी सांगितलंय. साडेआठच्या आत स्टँडवर जा. भाकरी आणि शेंगाचटणी आहे, मी विचारून घेतलं. झाकण न उघडता त्याच्या हातात दे.

तुझा,
सर