एक कोलाच, दोन कोलाचे

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: तिथल्या बेकऱ्यांत 'कोलाचे' मिळतात, ते एकवचन की अनेकवचन? आणि मराठीत बोलताना तो, ती की ते?

मुळात ते अनेकवचनच. चेक भाषेत एक असला तर 'कोलाच', जास्त असले तर 'कोलाचे'. त्यातला च 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे. गंमत म्हणजे अर्थ मात्र चाकाचाच! 'कोलो' म्हणजे चाक, त्यावरून कोलाच: गोल, मऊ, गोडसर पाव, मधे बोटांनी दाबून केलेला खळगा आणि त्यात जर्दाळू, आलुबुखारा नाहीतर खसखस. भाषाशास्त्रात हा 'कोलो' आणि आपलं 'चक्र' एकाच मुळाशी पोचतात.

1850 च्या दशकापासून मोराव्हियातली, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पूर्वेकडली, शेतकरी कुटुंबं गॅल्व्हेस्टन बंदरात उतरून टेक्सासच्या काळ्या जमिनीवर वसली. आता त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी इंग्रजीच, पण हा पाव टिकला. शेजारच्या इंग्रजी कानांनी अनेकवचनालाच एकवचन मानलं. माझा तर्क असा की भट्टीतून ट्रे बाहेर येतो तेव्हा त्यात एक कोलाच कधी नसतोच. मग एक 'कोलाची', दोन 'कोलाचीज', असा अनेकवचनावर अनेकवचनाचा मुलामा चढला. हसू नये. आपला 'अहवाल' अरबीत 'हाल'चं अनेकवचन आहे, 'अफवा' म्हणजे तिथे 'तोंडं'. आपण खुशाल 'एक अहवाल' लिहितो आणि 'अफवा पसरली' म्हणतो.

आणखी एक घोळ. ह्यूस्टनला सॉसेज भरलेल्या पावालाही सर्रास हेच नाव देतात. चेक घरातल्या जुन्या माणसांना ते मुळीच खपत नाही. कोलाच गोडच, तो खारा प्रकार 'क्लोबासनीक'. 'क्लोबासा' म्हणजे सॉसेज, त्यावरून नाव. हा पदार्थ मात्र चेक देशातला नाही, टेक्सासमध्येच जन्मलेला.

राहिलं लिंग. चेकमध्ये शब्द पुल्लिंगी, म्हणून मीही वर 'तो'च लिहिला. पण मराठीत मी तो नपुंसकलिंगी धरीन: ते कोलाच, ती कोलाचे, जसं घर-घरे. चेकचा आणि आपला प्रत्यय असा आयता जुळत असताना सोडायचा कशाला? फक्त 'घरं'च्या चालीवर 'दोन कोलाचं द्या' म्हणालात, तर काउंटरमागची बाई तोंडाकडे बघत राहील.