वाचकांचे प्रश्न : रेडिओ नसताना जुहू सापडायचं कसं?

प्रश्न : 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान जुहूला आणलं. रेडिओ नव्हता, मग वाट कशी कळायची? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. निघण्याआधी नकाशावर पेन्सिलीने सरळ रेघ ओढायची आणि कोणतं गाव, कोणती नदी किती वाजता खाली यायला हवी ते तिच्यावर लिहून ठेवायचं. त्यांचं ‘पस मॉथ’ ताशी साधारण 160 किलोमीटर जाई. कराची-अहमदाबाद सुमारे 600 किलोमीटर. म्हणजे वारा नसेल तर पावणेचार तास.

मेख आहे ती वाऱ्यातच. बाजूचा वारा विमानाला नकळत रेटतो. होकायंत्र बरोबर असतं, पण विमान रेघेवर नसतं. त्यासाठी साठाचा हिशेब : 60 मैलांत 1 मैल सरकलात, तर 1 अंशाचा फरक. समजा 3 मैल डावीकडे गेलात. उजवीकडे 3 अंश वळलात तर विमान रेघेला समांतर जात राहील, रेघेवर येणार नाही. वळायचं 6 अंश. पुढच्या 60 मैलांत रेघ गाठली की त्यातले 3 अंश कमी करायचे; नवशिके नेमके हेच विसरतात आणि पलीकडे भरकटतात. हे सगळं करायला खाली ओळखीची खूण मात्र हवी. कच्छच्या रणात ती कुठली? म्हणून वाऱ्याचा अंदाज रणाच्या अलीकडेच बांधायचा.

अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं. डब्यातलं पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून टाकीत ओतायची तेव्हा रीत होती. पेट्रोल खाली उतरतं, पाणी वर अडतं. ते पाणी टाकीत गेलं तर इंजिन बंद पडणार, आणि तेही बहुधा उड्डाण घेतानाच.

पुढची वाट सोपी : रेल्वेचे रूळ, भडोचला नर्मदेचा पूल, सुरतेला तापी, मग वसईची खाडी. मुंबईहून बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. त्यांचं नाव उगाच मागे पडतं.

प्रश्न : पावसाळ्यात जुहूला विमान उतरे का? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : नाही. मैदान सखल, चिखलाचं. पावसात पाण्याखाली जाई. मग विमानं आणि माणसं, सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे.