स्कॉटलंडमधल्या 'केप रॅथ'चं नाव तिथल्या खवळलेल्या समुद्रावरून, म्हणजे 'क्रोध' या अर्थाने पडलं आहे का?
नाही, 'रॅथ' हा जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'ह्वार्फ' म्हणजे 'वळण' या शब्दाचा अपभ्रंश आहे. इंग्रजीतल्या 'wrath' म्हणजे क्रोधाशी त्याचं फक्त स्पेलिंग जुळतं. हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचं वायव्य टोक. उत्तर किनाऱ्याने आलेली व्हायकिंग जहाजं इथूनच दक्षिणेकडे वळायची, म्हणून खलाशांनी दिलेलं हे नाव मला फार चपखल वाटतं. १८२८ सालचं दीपगृह याच टोकावर आहे. मात्र प्रसिद्ध क्लो मोर कडा (सुमारे २८१ मीटर) टोकावर नाही, काही किलोमीटर पूर्वेला आहे. शिवाय त्याचं 'ब्रिटनमधला सर्वांत उंच सागरी कडा' हे बिरुद मुख्य भूमीपुरतंच खरं. स्कॉटलंडच्याच सेंट किल्डा बेटांवरचे कडे त्याहून बरेच उंच आहेत.