मुलाचे पोहणे बंद करावे का?

‘ओळखीतल्या एका मुलाने सोसायटीच्या तलावात सूर मारला आणि त्याच्या मानेला इजा झाली. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा असून उत्तम पोहतो, पण मित्रांबरोबर काठावरून सारखे सूर मारतो. त्याचे पोहणेच बंद करावे का?’ उन्हाळ्याच्या सुट्टीत पालक हा प्रश्न मला नेहमी विचारतात. खालील प्रसंगातील कुटुंबाची ओळख पटू नये, म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ते आईवडील माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी मुलाचा तलावाचा पास काढून घेतला होता. तरीही मुलगा क्लासचे निमित्त सांगून मित्राच्या सोसायटीत पोहायला जात होता. बंदीमुळे धोका कमी झाला नव्हता, तो फक्त पालकांच्या नजरेआड गेला होता.

मुलाशी स्वतंत्रपणे बोलल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मला पोहता येतं. मी बुडणार नाही.” खरी अडचण याच वाक्यात होती. लहानपणापासून त्याला पाण्याची एकच भीती घातली गेली होती, ती बुडण्याची, आणि पोहायला आल्यावर ती संपली होती. परंतु सूर मारताना होणाऱ्या इजेचा पोहता येण्याशी संबंध नसतो. डोके तळावर आदळते, तेव्हा मागून येणाऱ्या संपूर्ण शरीराचा भार मानेच्या मणक्यांवर, बहुधा पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास पडतो, आणि तिथे मज्जारज्जूला गंभीर इजा झाली तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. अशा इजा मुख्यतः तरुण मुलांना आणि बहुतेक वेळा पाच फुटांपेक्षा कमी पाण्यात होतात.

मी त्याला तलावाची खोली विचारली. त्याने ती छातीपर्यंत असल्याचे सांगितले. पुढच्या भेटीला येताना तो मोजून आला, तर ती चार फूट होती. डोके पुढे ठेवून उडी मारायची असेल, तर पाणी किमान नऊ फूट खोल असावे, असा अमेरिकन रेड क्रॉसचा सल्ला आहे, आणि स्पर्धेतल्या दहा मीटर उंच मंचाखाली साधारण पाच मीटर पाणी ठेवतात. टीव्हीवर त्याने मंचाची उंची पाहिली होती, खोलीकडे लक्ष दिले नव्हते. शर्यतीतले पोहणारे कमी पाण्यात उडी घेतात, ही त्याची शंका मात्र रास्त होती. तिथे किमान खोली 1.35 मीटर ठरलेली असते, पण ती उडी जवळजवळ आडवी असते आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घोटून घेतलेली असते.

खोलीचा आकडा त्याने चटकन मान्य केला. मित्र भित्रा म्हणतील, हे मात्र त्याला सहन होणारे नव्हते, आणि पंधराव्या वर्षी ही भीती मानेच्या भीतीपेक्षा मोठी असते, हे पालकांनी समजून घ्यायला हवे. म्हणून मित्रांसमोर काय म्हणायचे, ते आम्ही आधीच ठरवले. त्याने स्वतःच वाक्य निवडले: “इथं चारच फूट पाणी आहे, सूर मारायचा तर खोल टाकीत जाऊ.”

पालकांनी पास परत दिला, आणि अटी तिघांनी मिळून लिहिल्या. सोसायटीच्या तलावात शिडीनेच उतरायचे. सूर फक्त प्रशिक्षक हजर असताना खोल टाकीतच मारायचा. त्या वेळी दोन्ही हात डोक्यापुढे ताठ ठेवून पंजे एकमेकांत घट्ट धरायचे, आणि खाली कोणी पोहत नाही ना, हे आधी पाहायचे. वडिलांनी सोसायटीच्या समितीकडे पाठपुरावा करून तलावाच्या काठावर ठळक अक्षरांत खोली रंगवून घेतली.

आईने शेवटी विचारले, की एवढे करूनही कोणाला लागले तर काय करावे? डोके आपटलेल्या मुलाला ओढून किंवा बसते करून बाहेर काढू नये. चेहरा पाण्यावर राहील, श्वास चालू राहील आणि मान शरीराच्या रेषेत स्थिर राहील असे त्याला पाण्यातच धरून जीवरक्षकाला हाक मारावी आणि 108 वर फोन करावा. श्वास थांबला असेल, तर मात्र बाहेर काढून कृत्रिम श्वास देण्यास विलंब करू नये. हे तिने वहीत लिहून घेतले आणि मुलाच्या मित्रांनाही सांगण्याचे कबूल केले.