बदकं संध्याकाळी आपणहून खुराड्यात यावीत म्हणून काय करावं?

तुमची चार बदकं दिवसभर अंगणात फिरतात, पण अंधार पडला की खुराड्याकडे फिरकत नाहीत आणि रोज अर्धा तास त्यांच्यामागे धावावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी हे धावणं बंद करा. आजपासूनच.

कोंबडी उजेड कमी झाला की आपली आपण जागेवर जाऊन बसते. बदकाचं तसं नसतं, ते पाण्याकाठी उघड्यावर खुशाल रात्र काढतं. खुराडं आपलं घर आहे, ही सवय त्याला आपणच लावावी लागते. आमच्याकडे नागपूरजवळ हिंगण्याकडच्या घरी सहा बदकं आहेत. पहिल्या हिवाळ्यात एक मादी काही केल्या आत येईना, तेव्हा एका रात्रीनं काय होतंय म्हणून मी ती बाहेरच राहू दिली. सकाळी कुंपणापाशी नुसती पिसं सापडली. कुत्रं होतं की रानमांजर, कळलं नाही. ती सकाळ मी विसरलेले नाही.

सवय लागते ती पोटातून. आठवडाभर त्यांना खुराड्यातच ठेवा, दाणापाणी तिथेच द्या. मग दिवसा सोडा, पण बाहेर दाण्याचं भांडं ठेवू नका. गवत, किडे, गोगलगायी त्यांचं ती शोधतात. पोटभर दाणा फक्त संध्याकाळी, फक्त खुराड्यात. मी स्टीलच्या डब्यात कनकी, म्हणजे तांदळाची कणी, घेऊन खुळखुळवते आणि "या, या, या" म्हणते. डबा तोच, हाक तीच. आता डब्याचं झाकण वाजलं की सहाही जणं रांगेनं डुलत येतात. दाण्याबरोबर चोच बुडेल इतकं पाणी हवंच, पाण्यावाचून बदकाला दाणा गिळता येत नाही.

वेळ घड्याळाची नको, सूर्याची धरा. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, जूनमध्ये सात वाजत येतात. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी हाक द्या.

एवढं करूनही दाराशी अडत असतील तर दार नीट बघा. आमची थोरली एकदा उंबऱ्यावर थबकली, मान वाकडी करून एका डोळ्यानं आत बघत राहिली आणि मागे फिरली. बाकीच्याही तिच्यामागे. दोन दिवस हेच. मग लक्षात आलं, मी आत नवी निळी बादली ठेवली होती. बादली काढली आणि सगळ्या सरळ आत गेल्या. अनोळखी वस्तू आणि काळोखं तोंड, दोन्हींना बदकं बिचकतात. आत एक लहान बल्ब लावा, उंबरा बुटका ठेवा, दार दोघी शेजारी-शेजारी जातील इतकं रुंद हवं.

हाकलायची वेळ आलीच तर दोन्ही हात पसरून किंवा दोन लांब काड्या घेऊन हळूहळू मागून चाला. बदकं घोळक्यानं चालतात. एखादी फुटली तर तिच्यामागे जाऊ नका, थांबा, ती स्वतःच घोळक्यात परत येते. आणि पाय धरून कधीच उचलू नका, बदकाचे पाय फार नाजूक असतात. पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी धरा.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की त्यांना पाण्यातून निघायचंच नसतं. मी अंगणातला टब संध्याकाळी रिकामा करते, गार पाण्याचं घमेलं आत ठेवते आणि पत्र्यावर ओली पोती टाकते. तापलेल्या खुराड्यात कुणीही जाणार नाही, तो हट्ट त्यांचा नाही.

खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घाला, दाराला कोंबडीजाळीऐवजी वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची वेल्ड केलेली जाळी, लावा, कारण पातळ जाळी कुत्रं दातानं फाडतं. सकाळी आठ-नऊच्या आधी सोडू नका. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळच्या सुमाराला देतात, ती मग झुडपात शोधत बसावी लागत नाहीत.